‘मल्टिग्रेन’, ‘साखर न घालता’ लिहिलेली पाकिटं: अल्ट्रा-प्रोसेस्ड ओळखायचं कसं आणि कमी कोणत्या क्रमाने करायचं?

मृद्गंध

अल्ट्रा-प्रोसेस्ड खाण्याबद्दल दोन टोकांची मतं वाचायला मिळतात. एक म्हणजे ‘पाकिटातलं सगळं विष’. दुसरं म्हणजे ‘साखर, मीठ, चरबी मापात असली की झालं, कारखान्यात काय केलं याला महत्त्व नाही’. दुकानात पाकीट हातात घेतल्यावर यातलं एकही उपयोगी पडत नाही. म्हणून दोन लेबलं देते, त्यांच्यावरच बोलूया.

पहिलं नाश्त्याचं सीरियल. पुढच्या बाजूला ठळक: मल्टिग्रेन, मधासह, ८ जीवनसत्त्वं आणि लोह. मागे घटक असे: गव्हाचं पीठ, मक्याचं पीठ, साखर, ओटचं पीठ, इन्व्हर्ट सिरप, माल्टोडेक्स्ट्रिन, माल्टचा अर्क, मीठ, मध, इमल्सिफायर ४७१, रंग १५०डी, फ्लेवर, जीवनसत्त्वं, लोह. दर १०० ग्रॅमला ३८५ किलोकॅलरी, कर्बोदकं ७८ ग्रॅम (त्यात साखर २२), तंतू ५, प्रथिनं ८, चरबी ३.५ ग्रॅम, सोडियम ४२० मिलिग्रॅम. सर्व्हिंग ३० ग्रॅम.

दुसरा प्रोटीन बार. पुढे ‘साखर न घालता’ आणि ‘हाय प्रोटीन’. मागे: खजुराची पेस्ट, सोया प्रोटीन आयसोलेट, सफरचंदाच्या रसाचं कॉन्सन्ट्रेट, तांदळाचं फुगवलेलं पीठ, पाम तेल, ग्लिसरॉल, लेसिथिन ३२२, फ्लेवर.

हे अल्ट्रा-प्रोसेस्ड आहे हे नेमकं कशावरून ठरवायचं? नुकसान साखर-मिठाचं की त्यापलीकडचं? अ‍ॅडिटिव्हना कितपत घाबरायचं? आणि घरातलं सगळं एकदम बंद करता येणार नसेल तर आधी काय काढायचं?

तुळई

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो, कारण लेबल नीट वाचता आलं की अर्धं काम होतं.

सगळ्यात जास्त वापरलं जाणारं वर्गीकरण म्हणजे नोव्हा. साओ पाउलो विद्यापीठातल्या कार्लोस मोन्तेइरो यांच्या गटाने ते २००९ पासून मांडलं. त्यात चार गट आहेत. पहिल्यात मूळ रूपातलं किंवा नुसतं निवडलेलं, दळलेलं, वाळवलेलं, गोठवलेलं अन्न येतं. दुसऱ्यात तेल, लोणी, साखर, मीठ असं स्वयंपाकाचं साहित्य. तिसऱ्यात या दोहोंपासून साध्या रीतीने केलेले पदार्थ: साधं चीज, पीठ-पाणी-यीस्ट-मिठाचा पाव, डब्यातली कडधान्यं. चौथा गट अल्ट्रा-प्रोसेस्ड, म्हणजे यूपीएफ. धान्य किंवा तेलबी फोडून त्यातला स्टार्च, प्रथिन, तेल वेगळं काढायचं, गरजेप्रमाणे त्यात रासायनिक बदल करायचे, पुन्हा एकत्र बांधायचं आणि रंग, वास, पोत बाहेरून घालून खावंसं वाटेल असं करायचं, ही त्यामागची पद्धत.

‘पाचपेक्षा जास्त घटक म्हणजे यूपीएफ’ असं सगळीकडे वाचायला मिळतं. ते सोडून द्या. बारा मसाले घातलेलं वाटण यूपीएफ नसतं आणि चार घटकांचं गोड पेय असतं. यादीत दोन प्रकारची नावं शोधायची. एक, घरच्या ओट्यावर कधी नसतात असे अंश: माल्टोडेक्स्ट्रिन, इन्व्हर्ट सिरप, हाय फ्रुक्टोज कॉर्न सिरप, प्रोटीन आयसोलेट, हायड्रोलाइज्ड प्रोटीन, हायड्रोजनेटेड किंवा इंटरएस्टेरिफाइड तेल. दोन, रंगरूप-चवीसाठी घातलेले पदार्थ, जे लेबलवर बहुधा क्रमांकाने लिहिलेले असतात: फ्लेवर, रंग, चव वाढवणारे ६२१, ६२७, ६३१, इमल्सिफायर (तेल-पाणी एकत्र धरून ठेवणारे) ४७१, ४३३, ४६६, गोडी देणारे ९५०, ९५१, ९५५. यातलं एक जरी सापडलं तरी पदार्थ चौथ्या गटात जातो. मात्र नुसतं टिकवण्यासाठी घातलेलं सॉर्बेट (२०२), प्रोपिओनेट (२८२) किंवा अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल (३००) एवढ्यावरून कुठलाही पदार्थ यूपीएफ ठरत नाही. तुमची दोन्ही पाकिटं या कसोटीने चौथ्या गटातली आहेत.

आता सीरियलकडे नीट पाहू. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. साखर तिसऱ्या जागी दिसते, पण तिच्यामागे इन्व्हर्ट सिरप, माल्टचा अर्क आणि मधही उभे आहेत. गोडी चार नावांत वाटली की एकही नाव यादीच्या डोक्यावर येत नाही. म्हणून यादीतल्या जागेवर न जाता तक्त्यातली एकूण साखर पाहायची: २२ ग्रॅम, म्हणजे पाकिटाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त. माल्टोडेक्स्ट्रिन तर साखरेच्या आकड्यात जवळजवळ धरलंच जात नाही, ते कर्बोदकांत जातं, आणि रक्तातली साखर मात्र ग्लुकोजसारखीच झपाट्याने वाढवतं.

मीठ ही यादीतली मोजपट्टी समजा. सोडियमला २.५ ने गुणलं की मीठ मिळतं. ४२० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे सुमारे १.०५ ग्रॅम मीठ, म्हणजे साधारण १%. यादीत मिठाच्या नंतर जे जे येतं ते त्याहून कमी. मध मिठाच्या नंतर आहे. म्हणजे पुढच्या बाजूला चित्रासह मिरवलेला मध १०० ग्रॅममध्ये जास्तीत जास्त एक ग्रॅम. सोडियम खाण्याच्या सोड्यातूनही येत असेल तर मीठ आणखी कमी, आणि मधाची कमाल मर्यादाही तितकीच खाली. ‘बदामयुक्त’, ‘फळांसह’, ‘ऑलिव्ह तेलासह’ या सगळ्यांना हीच युक्ती लावता येते.

मल्टिग्रेनचा अर्थ एवढाच की धान्यं एकाहून जास्त आहेत. ती अख्खी आहेत असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. अख्ख्या धान्यासाठी ढोबळ कसोटी अशी: दर १० ग्रॅम कर्बोदकांमागे किमान १ ग्रॅम तंतू. इथे ७८ ला ५ आहे, म्हणजे जवळपास १६ ला १. नापास.

आकड्यांसाठी आणखी एक चाळणी सांगतो. पॅन अमेरिकन हेल्थ ऑर्गनायझेशनने २०१६ मध्ये मापं दिली आहेत, ती तोंडी हिशोबात बसतात. सोडियमचे मिलिग्रॅम कॅलरींच्या आकड्याइतके किंवा त्याहून जास्त असले तर मीठ जास्त. मुक्त साखरेतून, म्हणजे बाहेरून घातलेल्या आणि मध, सिरप, फळांच्या रसातल्या साखरेतून, १०% किंवा जास्त ऊर्जा येत असेल तर साखर जास्त. संपृक्त चरबीलाही १०%, एकूण चरबीला ३०%. तुमच्या सीरियलमध्ये सोडियम ४२०, कॅलरी ३८५, म्हणजे जास्त. साखर २२ गुणिले ४ म्हणजे ८८ किलोकॅलरी, ३८५ पैकी जवळपास २३%, म्हणजे दुपटीहून जास्त. चरबी मात्र ८%, म्हणजे मापात.

अक्षांश

तुळई यांनी ओळखायचं कसं ते सांगितलंच आहे, मी दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नावर.

साखर-मीठ-चरबी सारखी ठेवली तर प्रक्रियेने फरक पडतो का, हे तपासणारा सगळ्यात नेटका प्रयोग केव्हिन हॉल यांच्या गटाने अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमध्ये केला. तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. २० माणसं, सलग २८ दिवस संस्थेतच मुक्काम. दोन आठवडे यूपीएफ, दोन आठवडे कमीत कमी प्रक्रियेचं जेवण. कोणाला कोणतं आधी हे चिठ्ठीने ठरवलं. ताटात वाढलेल्या कॅलरी, साखर, चरबी, तंतू, सोडियम दोन्हीकडे जुळवलेले. खायचं मात्र हवं तेवढं. यूपीएफच्या काळात माणसांनी रोज सरासरी ५०८ किलोकॅलरी जास्त खाल्ल्या आणि वजन ०.९ किलो वाढलं. दुसऱ्या काळात तेवढंच उतरलं. जास्तीचं खाणं कर्बोदकं आणि चरबीतून झालं, प्रथिनं दोन्हीकडे सारखीच राहिली.

प्रयोगातला एक बारकावा महत्त्वाचा आहे. यूपीएफच्या ताटात तंतू इतके कमी होते की आकडा जुळवायला ते पेयात विरघळवून द्यावे लागले. त्यामुळे घन अन्नात दर ग्रॅममागच्या कॅलरी यूपीएफमध्ये बऱ्याच जास्त राहिल्या. शिवाय मऊ अन्न माणसं भरभर खात होती. या दोन्ही गोष्टी मिळून कारण बरंचसं समजतं: पोट भरल्याचा निरोप मेंदूकडे पोचायला वेळ लागतो आणि तोवर ताट संपलेलं असतं.

त्याखाली पेशींच्या रचनेचाही भाग आहे. अख्ख्या दाण्यात किंवा फळात स्टार्च, साखर, तेल पेशींच्या भिंतीत बंद असतात. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या संशोधकांनी २०१२ मध्ये बदामांवर हे मोजलं. २८ ग्रॅम अख्ख्या बदामांतून नेहमीच्या हिशोबाने १७० च्या आसपास किलोकॅलरी मिळायला हव्यात, माणसांना प्रत्यक्षात १२९ मिळाल्या, बाकीचं तेल न पचता बाहेर गेलं. सीरियल बनवताना पीठ एक्स्ट्रूडरमध्ये मोठ्या उष्णतेत आणि दाबाखाली शिजून अरुंद तोंडातून बाहेर फेकलं जातं. दाब एकदम सुटला की पाण्याची वाफ होऊन ते फुगतं. या वाटेने गेलेल्या धान्यात पेशींच्या भिंती अख्ख्या उरत नाहीत, स्टार्च फुललेला असतो आणि लाळेपासूनच तो पचायला लागतो. लेबलवर ‘कर्बोदकं ७८’ असा एकच आकडा असतो. तो अख्ख्या दाण्यातून आला की असा फुगवून, हे तक्ता सांगत नाही. म्हणूनच ‘आकडे मापात तर झालं’ हे मत मला अपुरं वाटतं.

आजारांबद्दलचा पुरावा बहुतेक निरीक्षणांचा आहे. २०२४ मध्ये ‘बीएमजे’त ४५ एकत्रित विश्लेषणांचा आढावा आला, त्यात जवळपास ९९ लाख माणसांची माहिती होती. जास्त यूपीएफ खाणाऱ्यांत हृदयरोगाने मरण्याचा धोका सुमारे ५०% जास्त दिसला. टाइप २ मधुमेह आणि चिंताविकारांशीही संबंध दिसला. निरीक्षणातून कारण सिद्ध होत नाही, कारण जास्त यूपीएफ खाणाऱ्यांची झोप, कामाच्या वेळा, उत्पन्न हे सगळंच वेगळं असू शकतं. पण दिशा जवळजवळ सगळीकडे एकच आहे आणि हॉल यांचा प्रयोग त्यामागची एक यंत्रणा दाखवतो.

काठावरचा

अक्षांश, एक हरकत नोंदवतो. चौथा गट फार मोठा आहे. सॉसेज, गोड पेय, दुकानातला अख्ख्या गव्हाचा पाव, गोड दही, बाळाची फॉर्म्युला पावडर हे सगळं एकाच पोत्यात. ज्या मोठ्या अभ्यासांनी उपगट वेगळे पाडले त्यांत धोका मुख्यतः प्रक्रिया केलेलं मांस आणि गोड पेयांत दिसतो. अख्ख्या धान्याच्या पावात आणि दह्यात तो दिसत नाही, काही ठिकाणी तर उलटच दिसतं. मग पावातल्या ४७१ ला घाबरून माणसानं तंतूच सोडावेत का?

अक्षांश

हरकत मान्य, आणि व्यवहारात ती फार कामाची आहे. प्रक्रिया केलेल्या मांसाबद्दलचा पुरावा तर नोव्हावर अवलंबूनही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ मध्येच ते पहिल्या वर्गात, म्हणजे माणसांत कर्करोग होतो याचा पुरेसा पुरावा असलेल्या गोष्टींत, टाकलं. रोज ५० ग्रॅममागे मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८% वाढतो असा त्यांचा अंदाज आहे.

पण ‘पोषण जुळवलं की फरक संपतो’ असंही नाही. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनचा २०२५ मधला प्रयोग पाहा. ५५ माणसं, आठ-आठ आठवडे, दोन्ही आहार सरकारी पोषण मार्गदर्शनानुसार आखलेले, एक यूपीएफचा आणि एक कमी प्रक्रियेचा. वजन दोन्हींत उतरलं, पण कमी प्रक्रियेच्या आहारात सुमारे २% आणि यूपीएफमध्ये सुमारे १%. म्हणजे चांगलं निवडलेलं यूपीएफ वाईट निवडलेल्यापेक्षा बरं, तरी फरक उरतोच.

अ‍ॅडिटिव्हबद्दल थोडक्यात. ४६६, म्हणजे कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज, आणि ४३३, म्हणजे पॉलिसॉर्बेट ८०, यांनी उंदरांच्या आतड्यातला श्लेष्माचा थर पातळ होऊन जंतू पेशींच्या जवळ सरकल्याचं २०१५ मध्ये ‘नेचर’मध्ये आलं. माणसांवर ४६६ चा छोटा प्रयोग झाला आहे: १६ जण, ११ दिवस, रोज १५ ग्रॅम. आतड्यातल्या जंतूंची विविधता घटली. पण १५ ग्रॅम हे रोजच्या खाण्यातून जातं त्यापेक्षा खूप जास्त आहे. लेसिथिन, ग्वार, पेक्टिन यांना याच रांगेत उभं करू नये. एकेका क्रमांकाची भीती बाळगण्यापेक्षा तो क्रमांक कोणत्या प्रकारच्या पदार्थाची खूण आहे हे पाहणं जास्त उपयोगी.

मृद्गंध

खूप स्पष्ट झालं, दोघांचेही आभार. बारबद्दल मात्र अजून प्रश्न आहे. त्यात साखर खरंच नाही, मग ‘साखर न घालता’ खोटं कसं? आणि मुलांसाठीच्या पाकिटांवर हे दावे जास्तच दिसतात, त्याचं काय करायचं?

वळणवाट

मृद्गंध, दावा सहसा शब्दशः खोटा नसतो. तो एका खऱ्या गोष्टीकडे बोट दाखवून दुसऱ्या गोष्टीवरून नजर हटवतो. पाकिटाची पुढची बाजू ही जाहिरातीची जागा आहे आणि ती तशीच वाचायची.

तुमच्या बारमध्ये सफरचंदाच्या रसाचं कॉन्सन्ट्रेट आहे. रसातलं पाणी उडवलं की उरतो तो मुख्यतः साखरेचा पाक. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत मध, सिरप, फळांचा रस आणि त्याचं कॉन्सन्ट्रेट यांतली साखर मुक्त साखरच आहे. अन्नमानकांच्या आंतरराष्ट्रीय कोडेक्स मार्गदर्शनातही ‘साखर घातलेली नाही’ म्हणायची अट अशी आहे की साखरेच्या जागी वापरलेलं रसाचं कॉन्सन्ट्रेट किंवा सुक्या फळांची पेस्टसुद्धा नसावी. पण कोडेक्स हे मार्गदर्शन आहे. तुमच्या देशाचा कायदा ते किती कडकपणे पाळतो यावर पाकिटावर काय छापता येतं हे ठरतं. म्हणून बारमध्येही तक्त्यातली एकूण साखर पाहा आणि ऊर्जेशी तिचं प्रमाण काढा.

‘हाय प्रोटीन’ आयसोलेट घालून मिळवता येतं, आणि त्याने प्रथिनाचा आकडा वाढण्यापलीकडे बारचं बाकी काही बदलत नाही. ‘८ जीवनसत्त्वं’ म्हणजे शेवटी मिसळलेली पूड. तिचा उपयोग काही माणसांना खरोखर होतो, पण २२ ग्रॅम साखर तिने कमी होत नाही. ‘बेक केलेले, तळलेले नाहीत’ असं लिहिलेलं असेल तर चरबीचा आकडा पाहा, तेल वरून फवारलेलंही असतं.

सर्व्हिंगचा आकार ही सगळ्यात कमी लक्षात येणारी गोष्ट. ३० ग्रॅम सीरियलमध्ये साखर ६.६ ग्रॅम, आकडा निरुपद्रवी वाटतो. नेहमीचा वाडगा हाताने भरला की ५०-६० ग्रॅम सहज पडतात, म्हणजे ११ ते १३ ग्रॅम साखर. एकदा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तुमचा वाडगा मोजून घ्या, मग लेबल कायमचं वाचता येईल. अमेरिकेत सर्व्हिंगमागे ०.५ ग्रॅमपेक्षा कमी ट्रान्स फॅट असेल तर शून्य लिहायला मुभा आहे. अशा वेळी घटकांत ‘पार्शली हायड्रोजनेटेड’ हे शब्द शोधायचे. ते असतील तर शून्य हा शून्य नाही.

मुलांचं वेगळं आहे आणि इथे मला मनापासून चीड येते. सात-आठ वर्षांखालच्या मुलाला जाहिरातीमागे विकण्याचा हेतू आहे हेच नीट कळत नाही. कार्टूनचं पात्र, पाकिटात खेळणं, फोनवरच्या खेळातच गुंफलेला ब्रँड, आवडत्या व्हिडिओवाल्याच्या हातातली बाटली, यातलं काहीही त्याला जाहिरात वाटत नाही. समोर उभं केलेलं आहे ते युक्तिवादाने अडवायचं वयच नसतं. म्हणून ‘पालकांनी नाही म्हणावं’ एवढ्यावर हा प्रश्न सोडणं अन्यायाचं आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ मध्ये सक्तीचे नियम करा असंच सांगितलं, कंपन्यांनी आपणहून घातलेल्या मर्यादा पुरत नाहीत.

नियमांनी फरक पडतो याचं उदाहरण चिली. जून २०१६ पासून तिथे साखर, मीठ, संपृक्त चरबी किंवा कॅलरी जास्त असलेल्या पदार्थांवर काळा अष्टकोन छापावा लागतो, अशा पाकिटांवर मुलांना ओढणारी चित्रं चालत नाहीत आणि शाळेत ते विकता येत नाहीत. पहिल्या दीड वर्षात असा अष्टकोन लागलेल्या गोड पेयांची खरेदी जवळपास २४% घटली. मेक्सिकोने २०२० मध्ये पुढे जाऊन गोडी देणारे पदार्थ असतील तर ‘मुलांना देऊ नये’ असंही छापायला लावलं.

हे विकण्याचं कौशल्य आलं कुठून हेही माहीत असावं. फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीने १९८५ मध्ये जनरल फूड्स आणि १९८८ मध्ये क्राफ्ट विकत घेतली. आर. जे. रेनॉल्ड्सने १९८५ मध्ये नॅबिस्को घेतली. अनेक वर्षं जगातल्या मोठ्या खाद्य ब्रँडांची मालकी तंबाखू कंपन्यांकडे होती. संशोधनालाही पैसा पुरवला जातो. लठ्ठपणात आहारापेक्षा व्यायामावर भर देणाऱ्या ‘ग्लोबल एनर्जी बॅलन्स नेटवर्क’ला कोका-कोलाचा निधी होता. ते २०१५ मध्ये उघड झालं आणि त्याच वर्षी ती संस्था बंद पडली. एखादा अभ्यास ‘अमुक पेय निरुपद्रवी’ म्हणत असेल तर शेवटच्या पानावरचा निधीचा उल्लेख आधी वाचा.

दवबिंदू

कमी करायचा क्रम आणि त्यात कुठे बिघडतं, याबद्दल आहारतज्ज्ञ म्हणून लिहिते.

आधी तीन दिवस काहीही न बदलता फक्त लिहून काढा: काय, किती, किती वाजता. त्यातला एक सुट्टीचा दिवस असू द्या. बहुतेक घरांत दोन-तीनच पदार्थ मोठा वाटा उचलतात आणि ते कोणते हे लिहिल्याशिवाय दिसत नाही.

सुरुवात गोड पेयांपासून करा. ३३० मिलिलिटरच्या कॅनमध्ये साधारण ३५ ग्रॅम साखर असते. २००० किलोकॅलरीच्या आहारात मुक्त साखर ५० ग्रॅमच्या आत असावी, २५ च्या आत असेल तर आणखी चांगलं, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. एका कॅनने दुसरी मर्यादा ओलांडलीच. शिवाय पेयातल्या कॅलरींनी पोट भरत नाही, त्यामुळे त्या काढल्या तरी भूक वाढत नाही. सगळ्यात कमी त्रासाची कपात हीच. इथे बहुतेक लोक ‘झीरो’ पेयाकडे वळतात. मधुमेह नसलेल्यांनी वजन उतरवण्यासाठी कृत्रिम गोडीवर विसंबू नये, असं २०२३ चं जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शन आहे. काही आठवड्यांचा पूल म्हणून चालेल, मुक्काम नको. गोडीची सवय तशीच राहते.

दुसरं प्रक्रिया केलेलं मांस, ज्यांच्या घरी येतं त्यांच्यासाठी. तिसरं नाश्त्याचं गोड सीरियल आणि संध्याकाळची बिस्किटं-चिप्स. अख्ख्या गव्हाचा पाव, साध्या दह्याचा डबा, गोठवलेल्या भाज्या यांना शेवटपर्यंत हात लावू नका. गोठवलेल्या भाज्या आणि डब्यातली साधी कडधान्यं तर यूपीएफ नाहीतच. डब्यातली कडधान्यं चाळणीत ओतून अर्धा मिनिट नळाखाली धुतली की जवळपास ४०% सोडियम निघून जातं.

काढलेल्या पदार्थाच्या जागी काय, हे त्याच दिवशी ठरलेलं हवं. सीरियल बंद करून नुसतं फळ खाल्लं तर अकराच्या सुमारास कडकडून भूक लागते आणि माणूस पुन्हा बिस्किटांपाशी येतो. ४० ग्रॅम जाडे ओट, २०० ग्रॅम साधं दही, एक फळ, १५ ग्रॅम दाणे किंवा बिया: यातून १५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं आणि ७-८ ग्रॅम तंतू मिळतात, दुपारपर्यंत टिकतं. अंडी खात असाल तर दोन अंड्यांत १२ ग्रॅम प्रथिनं. गोड दह्याची सवय असेल तर एक आठवडा तीन भाग गोड, एक भाग साधं, पुढे निम्मं-निम्मं, मग फळ कुस्करून साधं. एकदम साध्यावर गेलं की मुलं नाकारतात आणि प्रयोग तिथेच संपतो. मिठाची आवड बदलायला जास्त वेळ लागतो, दोन-तीन महिने धरा.

तंतू हळूहळू वाढवा. मोठ्यांना रोज २५ ग्रॅम हवेत, पण १० वरून एका दिवसात २५ वर उडी मारली तर पोट फुगतं, गॅस होतो, आणि मग ‘हे खाणं मला मानवत नाही’ असा निष्कर्ष निघतो. आठवड्याला ४-५ ग्रॅमने वाढवा आणि पाणी वाढवा.

काही जणांनी मात्र आधी डॉक्टरांशी बोलायलाच हवं. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांनी कर्बोदकं एकाएकी कमी केली तर रक्तातली साखर धोकादायक पातळीवर उतरू शकते, डोस आधी जुळवून घ्यावा लागतो. मूत्रपिंडाचा आजार असेल तर घटकांत फॉस्फेट पाहा, ३३८ ते ३४१ आणि ४५० ते ४५२. अ‍ॅडिटिव्हमधलं फॉस्फरस जवळपास सगळं शोषलं जातं, धान्य-कडधान्यांतलं निम्म्याच्या आसपास. आणि ‘लो सोडियम’ पदार्थांत बऱ्याचदा मिठाऐवजी पोटॅशियम क्लोराइड असतं, ते या रुग्णांना घातक ठरू शकतं. शाकाहारी माणसांचं बी१२ किंवा गर्भवतींचं फॉलिक आम्ल फोर्टिफाइड, म्हणजे जीवनसत्त्वं मिसळलेल्या, सीरियलवरच चाललं असेल तर त्याची दुसरी सोय केल्याशिवाय ते बंद करू नका. बाळाचं फॉर्म्युला दूध आणि आजारपणातलं वैद्यकीय पोषण हेही तांत्रिकदृष्ट्या यूपीएफ आहे. या चर्चेवरून ते कमी करायचं नाही.

मृद्गंध

दवबिंदू, क्रम लिहून घेतला. शेवटचा प्रश्न: बेकरीतल्या सुट्या पावावर लेबल नसतं, तिथे काय पाहायचं?

तुळई

बेकरीवाल्याला दोनच गोष्टी विचारा: पिठात ब्रेड इम्प्रूव्हर घालता का, आणि पीठ किती तास फुगवता. इम्प्रूव्हरच्या पुडीत बहुधा इमल्सिफायर (४७२ई, ४७१), एन्झाइम आणि अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल असतं. तो घातला की पीठ तास-दीड तासात भट्टीत जातं आणि पाव बरेच दिवस लुसलुशीत राहतो. पीठ, पाणी, यीस्ट, मीठ एवढ्यावर केलेला पाव दुसऱ्या दिवशीच कडक व्हायला लागतो. ‘ब्राऊन’ रंगावर जाऊ नका, तो माल्ट किंवा कॅरॅमलनेही येतो. काप उजेडात धरा. कोंड्याचे तुकडे दिसले आणि दाबल्यावर पाव गोळा न होता तुटला तर अख्खं पीठ असण्याची शक्यता बरी. नक्की करायचं असेल तर पिठाच्या पोत्यावरचं लेबल दाखवायला सांगा, त्यावर घटक छापलेले असतात.